मुलाला फळा दिसतो का?



मुलाचे पोट दुखले तर ते रडते. कान ठणकला तर हात कानाशी नेते. पायात काटा मोडला तर लंगडते. पण डोळ्यांना कमी दिसत असेल तर मूल काहीच सांगत नाही. याचे कारण सोपे आहे. ज्याला पहिल्यापासून जग धूसरच दिसले, त्याला वाटते की जग असेच असते आणि सगळ्यांना ते असेच दिसते. समोरच्या टेकडीवरची शेळी शेजारच्या पोराला स्वच्छ दिसते, हे त्याला कळावे कसे? म्हणून मुलाची नजर अधू आहे की नाही, हे मोठ्या माणसांनीच ओळखायचे असते. ते कसे ओळखावे, हे आज आपण पाहू.

उदाहरणासाठी धडगावचा मुलूख घेऊ. नंदुरबार जिल्ह्यातल्या या तालुक्याचे कागदोपत्री नाव अक्राणी. उत्तरेला नर्मदा, सभोवार सातपुडा, आणि वस्ती बहुतेक पावरा व भिल्ल लोकांची. इथे गाव एका जागी दाटीने वसलेले नसते. पाडे टेकड्याटेकड्यांवर विखुरलेले असतात. मुले घरी पावरी किंवा भिली बोलतात आणि पुस्तकातली मराठी त्यांच्या कानावर पडते ती शाळेत गेल्यावर. अशा वर्गात एखादे मूल फळ्यावरचे उतरवून घेत नसेल, तर गुरुजी काय समजतात? पहिल्या वर्षी म्हणतात, “याला अजून मराठी कळत नाही.” दुसऱ्या वर्षी म्हणतात, “याचे लक्षच नसते.” तिसऱ्या वर्षी ते मूल मठ्ठ ठरते.

यात गुरुजींची चूक काढण्याचा हेतू नाही. भाषा न कळणे आणि फळा न दिसणे या दोन गोष्टी बाहेरून अगदी सारख्या दिसतात. दोन्हींत मूल गप्प बसते, शेजाऱ्याच्या वहीत डोकावते, विचारले की मान खाली घालते. पण भाषेची अडचण सहवासाने सुटते. डोळ्याची अडचण चष्म्यावाचून किंवा औषधावाचून सुटत नाही. ती ओळखायला उशीर झाला तर मूल शाळा सोडून गुरांमागे गेलेले असते, आणि मग चष्मा मिळूनही काय उपयोग?

आपल्या वडीलधाऱ्यांना डोळ्यांचे दुखणे ठाऊक होते ते खुपऱ्यांचे. डोळे लाल होत, चिकटत, पापण्या आत वळून केस बुबुळाला घासत आणि शेवटी दृष्टी जाई. या रोगाविरुद्ध आपल्या देशात १९६३ साली मोहीम सुरू झाली, आणि सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून भारतात खुपऱ्या संपल्या, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली जाहीर केले. ही मोठी कामगिरी आहे. मात्र जुन्या अनुभवामुळे आपली एक समजूत होऊन बसली आहे, की डोळा लाल नाही, गळत नाही, दुखत नाही, तर तो चांगलाच असणार. आज शाळकरी मुलांच्या नजरेचे जे दोष सापडतात, त्यांतले बहुतेक अशा स्वच्छ, सुंदर दिसणाऱ्या डोळ्यांतच असतात.

आता वयाप्रमाणे एकेक खूण पाहू.

तान्हे बाळ दीड-दोन महिन्यांचे झाले की आईच्या तोंडाकडे टक लावून पाहू लागते. तीन महिन्यांचे झाले की डोळ्यांसमोरून वस्तू हलवली तर नजर तिच्यामागे जाते. हे पाहण्यासाठी खुळखुळा घेऊ नये, कारण बाळ आवाजाकडेही वळते. एखादी तांबडी चिंधी हातभर अंतरावर गुपचूप हलवावी. तीन-चार महिने झाले तरी बाळ पाहत नसेल, बुबुळे सारखी थरथरत असतील, डोळा फार मोठा आणि धुरकट दिसत असेल, उजेडात बाळ डोळे घट्ट मिटून घेत असेल, तर दवाखान्यात न्यावे. जन्मतः मोतीबिंदू आणि जन्मतः काचबिंदू असतो, आणि त्यावर उपायही असतो. पण तो पहिल्या काही महिन्यांतच व्हावा लागतो.

एक खूण मात्र कोणीही दृष्टीआड करू नये. डोळ्याच्या मधोमध जो काळा ठिपका असतो, त्याला आपण बाहुली म्हणतो. त्या बाहुलीत पांढरी झाक दिसली, किंवा अंधारात मांजराचा डोळा चमकतो तशी चमक दिसली, तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा. तो मोतीबिंदू असू शकतो, किंवा डोळ्याच्या आतल्या पडद्याचा कर्करोग असू शकतो. हा कर्करोग लहान मुलांनाच होतो. वेळीच उपचार झाले तर मुलाचा जीव वाचतो आणि पुष्कळदा डोळाही वाचतो.

दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांची गोष्ट वेगळी आहे. चौतीस आठवड्यांच्या आत जन्मलेले किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाचे बाळ असेल, तर त्याच्या डोळ्यांचा पडदा जन्मापासून तीस दिवसांच्या आत तपासून घ्यावा. बाहेरून काहीही दिसत नसते, म्हणून ही तपासणी आईने आपणहून मागावी.

एक ते पाच वर्षांचे मूल दिवसा खेळते, धावते; पण दिवेलागणीला चाचपडू लागते, घरातल्या मडक्यांना अडखळते, अंगणातून आत यायला रडते. हा रातांधळेपणा. आहारातले ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडल्याची ही पहिली खूण. पुढे डोळ्याच्या पांढऱ्या भागावर, बुबुळाच्या कडेला, साबणाच्या फेसासारखा किंवा कोरड्या खवल्यासारखा डाग दिसतो. तेवढ्यावरही लक्ष दिले नाही तर बुबुळ कोरडे पडते, मऊ होते, फुटते, आणि गेलेली दृष्टी परत येत नाही. गोवर आणि जुलाब झालेल्या कुपोषित मुलाला हा धोका सर्वांत जास्त. उलट अगदी पहिल्या खुणेवर औषध मिळाले तर थोड्याच दिवसांत मूल संध्याकाळी पुन्हा धावू लागते.

यासाठी १९७० सालापासून देशभर ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस देण्यात येतो. पहिला डोस नवव्या महिन्यात, गोवर-रुबेलाच्या लसीबरोबर. त्यानंतरचा दीड वर्षाच्या सुमारास, आणि पुढे दर सहा महिन्यांनी, पाच वर्षांचे होईपर्यंत. असे एकूण नऊ डोस. ते नर्सबाईंच्या हातूनच घ्यावेत आणि कार्डावर लिहून घ्यावेत, कारण हे जीवनसत्त्व प्रमाणाबाहेर गेले तर अपाय करते. अंगणवाडीची सेविका दारात आली की तिला कार्ड दाखवून विचारावे. तिची वाट किती अवघड असते ते या भागाला ठाऊक आहे. २०२० सालच्या करोनाच्या दिवसांत चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे नर्मदेतून स्वतः होडी वल्हवत पाड्यांवर जात आणि बाळांची तपासणी करून त्यांना पोषण आहार पोचवत. इतक्या कष्टाने दारी आलेल्या बाईला मुलाच्या डोळ्यांबद्दल दोन शब्द सांगायला आपण विसरू नये.

औषधाइतकेच ताटातले अन्नही महत्त्वाचे. शेवग्याचा पाला, हिरव्या पालेभाज्या, तांबडा भोपळा, पिकलेली पपई, अंडी आणि कलेजी यांत हे जीवनसत्त्व किंवा ते तयार होण्याचा माल भरपूर असतो. धडगावचा आमचूर सर्वदूर जातो. कैऱ्या सोलून, वाळवून विकल्या की हातात पैसा येतो, हे खरे. पण डोळ्यांना पोसणारा पिवळा रंग पिकलेल्या आंब्यात उतरतो. कच्च्या कैरीत तो फारच थोडा असतो. म्हणून एकदोन झाडांचे आंबे मुलांसाठी पिकू द्यावेत. आणि भाजीला थोडे तेल घालावे, कारण तेलाशिवाय हे सत्त्व अंगी लागत नाही.

याच वयात तिरळेपणाही दिसून येतो. काही घरांत तिरळा डोळा नशिबाचा मानतात. मोठे झाल्यावर आपोआप बरा होईल, असेही म्हणतात. चार महिन्यांनंतरही डोळा तिरपा जात असेल, नेहमी किंवा अधूनमधून, तर तो तपासलाच पाहिजे. पाहायला मेंदू शिकतो, आणि त्याचे हे शिक्षण साधारण सात-आठ वर्षांपर्यंत चालते. तिरप्या किंवा अधू डोळ्याकडून आलेले चित्र मेंदूला नकोसे होते. तो त्या डोळ्याचे ऐकणेच बंद करतो. डोळा शाबूत असून आळशी बनतो. उपाय साधा आहे: योग्य चष्मा, आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी, म्हणजे आळशी डोळ्याला काम करणे भाग पडते. मात्र हे लहानपणी जितके साधते तितके पुढे साधत नाही. आईने घरी एक पाहावे. खेळता खेळता मुलाचा एक डोळा हाताने झाकावा, मग दुसरा. एका डोळ्यावर हात ठेवला तर मूल खेळते आणि दुसऱ्यावर ठेवला की हात झटकते, रडते, असे होत असेल तर उघड्या राहिलेल्या डोळ्यात काही कमी आहे असे समजावे.

आता शाळेकडे वळू. गुरुजी आणि बाई, वर्गात पुढील गोष्टींवर नजर ठेवा. मूल फळ्याकडे पाहताना डोळे बारीक करते का? मान एका बाजूला कलवते का? पुस्तक नाकाशी धरते का? वाचताना ओळ चुकते का? तोंडी उत्तर बरोबर आणि फळ्यावरून उतरवलेले चूक, असे होते का? उन्हात एकच डोळा मिटते का? डोळे सारखे चोळते का, रांजणवाडी पुन्हा पुन्हा होते का? दुपारनंतर डोके दुखते म्हणते का? चेंडू झेलताना नेहमी चुकते का?

फळा न दिसण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे लांबचे न दिसणे. अशा मुलाच्या डोळ्याचा गोळा किंचित लांबट असतो. त्यामुळे दूरच्या वस्तूचे चित्र पडद्यावर न पडता त्याच्या अलीकडे पडते आणि पुसट दिसते. चष्म्याचे भिंग ते चित्र नेमके पडद्यावर आणून ठेवते. मूल वाढते तसा डोळाही वाढतो, म्हणून नंबर बदलतो. “चष्मा लावला म्हणून नंबर वाढला,” असे म्हणणे म्हणजे जोडा घातल्यामुळे पाय मोठा झाला असे म्हणण्यासारखे आहे. जोडा लहान झाला की आपण नवा घेतो, तसा चष्म्याचा नंबर दर वर्षी तपासून घ्यावा.

शिक्षकांनी तपासणी कशी करावी? डोळे तपासण्याचा अक्षरांचा तक्ता हॉलंडचे डॉक्टर स्नेलेन यांनी १८६२ साली तयार केला. पण ज्याला अक्षरे येत नाहीत त्याचे काय? त्यासाठी इंग्रजी ‘ई’ हे एकच अक्षर वापरतात. ते तीन दात्यांच्या दंताळ्यासारखे दिसते. दाते कधी वर, कधी खाली, कधी उजवीकडे, कधी डावीकडे. मुलाने आपल्या हाताची बोटे त्या दिशेला करून दाखवायची. मराठी, पावरी, भिली, कोणतीच भाषा मध्ये येत नाही. मुलाला भाषा कळत नाही की फळा दिसत नाही, याचा निवाडा या खेळात दोन मिनिटांत होतो.

कार्ड घरीही करता येते. पांढऱ्या पुठ्ठ्यावर काळ्याभोर शाईने ‘ई’ काढावा. उंची १३ मिलिमीटर आणि रुंदीही तेवढीच. तिन्ही दाते व त्यांमधल्या दोन फटी सारख्या जाडीच्या, म्हणजे अडीच मिलिमीटरांहून किंचित जास्त. सहा मीटर, म्हणजे सुमारे वीस फूट लांबीची दोरी मोजून घ्यावी. व्हरांड्यात, भरपूर उजेडात, पण मुलाच्या तोंडावर ऊन येणार नाही अशा जागी उभे राहावे. आधी कार्ड जवळून दाखवून खेळ समजावून द्यावा. मग सहा मीटरांवरून एकेक डोळा स्वतंत्र तपासावा. झाकायचा डोळा दुसऱ्या पुठ्ठ्याने झाकावा. बोटांनी दाबू नये आणि फटीतून चोरून पाहू देऊ नये. पाच वेळा दिशा बदलावी. पाचांपैकी चार दिशा बरोबर आल्या तर तो डोळा ठीक. जे अक्षर चांगल्या नजरेला नऊ मीटरांवरून ओळखता येते, ते हे मूल सहा मीटरांवरून ओळखते. म्हणून या पातळीला सहावर नऊ म्हणतात. जमले नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावे, आणि तरीही जमले नाही तर मुलाला पुढे पाठवावे. चार-पाच वर्षांच्या पुढचे कोणतेही मूल हा खेळ खेळू शकते.

मात्र कार्डाने सगळेच कळते असे नाही. रातांधळेपणा त्यात दिसत नाही. त्यासाठी मुलाला त्याच्याच बोलीत विचारावे, “संध्याकाळी गुरे घरी आणताना वाट दिसते का?” जवळचे पाहण्याचा त्रासही या कार्डावर सहज सापडत नाही. तेव्हा डोके दुखणारे मूल पास झाले तरी त्याला डॉक्टरांकडे पाठवावे. नंदुरबार जिल्ह्यात सिकलसेलचा आजार आढळतो, आणि त्याने डोळ्याच्या पडद्याच्या रक्तवाहिन्यांना इजा होऊ शकते. ज्या मुलाकडे सिकलसेल रुग्णाचे कार्ड आहे, त्याचे डोळे वरून चांगले दिसले तरी वेळोवेळी तपासून घ्यावेत.

आश्रमशाळांतल्या अधीक्षक आणि अधीक्षिकांना एक विनंती. घरी असलेल्या मुलाचे चाचपडणे आईला दिसते. तुमच्याकडे राहणाऱ्या मुलाला तिन्हीसांजेला पाहणारे तुम्हीच. जेवणाच्या रांगेत कोण दुसऱ्याचा हात धरून चालतो, रात्री पाण्याच्या टाकीकडे जायला कोण घाबरतो, याकडे लक्ष असू द्या. ते मूल भित्रे आहे असे ठरवण्यापूर्वी त्याचे डोळे तपासा.

सरकारी व्यवस्थाही आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्या महाराष्ट्रातच, पालघरला सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात होते. डॉक्टरांचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा यावे अशी योजना आहे, आणि डोळ्यांची तपासणी तिचा भाग आहे. गरजू शाळकरी मुलांना चष्मा मोफत देण्याची तरतूदही अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात आहे. पण पथक वर्षातून एकदा येणार आणि मूल तुमच्यासमोर रोज बसणार. पथक येईल त्या दिवशी संशयित मुलांची यादी तुमच्या हातात तयार असली, तर त्यांचाही वेळ वाचतो आणि मूल सुटत नाही. मध्येच गरज पडली तर धडगावच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवावे, आणि पुढे लागल्यास नंदुरबारच्या जिल्हा रुग्णालयात.

यादीत मुलाचे नाव, उजवा डोळा, डावा डोळा, कुठे पाठवले, चष्मा मिळाला का आणि मूल तो वापरते का, असे रकाने करावेत. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. पुष्कळ चष्मे पेटीत पडून राहतात. मुलगे चिडवतात म्हणून कोणी काढून ठेवतो. मुलीला चष्मा असला तर लग्न जमणार नाही, म्हणून आईबाप लपवतात. गुरुजींनी वर्गात चष्म्याची टिंगल होऊ देऊ नये. आईबापांनी विचार करावा, की चष्मा लावून शिकलेली मुलगी बरी, की चष्म्यावाचून चौथीतच बसलेली?

वेळेचेही भान हवे. दिवाळीनंतर बरीच कुटुंबे मजुरीला गुजरातेत जातात आणि मुलेही बरोबर जातात. म्हणून वर्गाची तपासणी पावसाळ्यातच, पट भरलेला असताना उरकावी आणि चष्मा दिवाळीपूर्वी मुलाच्या नाकावर असावा. जाणाऱ्या कुटुंबाला डॉक्टरांच्या चिठ्ठीची नक्कल द्यावी. परमुलखात चष्मा फुटला तर तीच कामी येते. जे राहून गेले त्यांना होळीच्या आधी, भोंगऱ्या बाजाराला माणसे गावी परततात तेव्हा गाठावे.

शेवटी इजेविषयी. तीरकामठा, गलोल, विटीदांडू, काटेरी फांदी आणि फटाके यांनी मुलांचे डोळे जातात. डोळ्यात काही रुतले तर ते उपसू नये, डोळा चोळू नये, दाबून बांधू नये. वर एखादी स्वच्छ वाटी पालथी धरून तडक रुग्णालय गाठावे. तंबाखूबरोबरच्या चुन्याची पुडी मुलांच्या हाती लागू देऊ नये. चुना डोळ्यात उडाला तर आधी तिथल्या तिथे स्वच्छ पाण्याने निदान अर्धा तास डोळा धुवावा, आणि मगच वाहन शोधावे. चुना क्षणाक्षणाला बुबुळ जाळत असतो. डोळ्यात पाल्याचा रस, मध, दूध किंवा उरलेसुरले जुने औषध घालू नये.

मंडळी, या कामाला लागते एक पुठ्ठा, एक दोरी आणि दर मुलामागे चार-पाच मिनिटे. चाळीस मुलांचा वर्ग दोन दिवसांत तपासून होतो. ज्या मुलावर आपण मठ्ठपणाचा शिक्का मारला आहे, त्याच्यापासून सुरुवात करावी.